गॅरेजमध्ये शहाणी, रस्त्यावर बंद: जुन्या गाडीच्या टायमिंगचं एक प्रकरण

गाडी चार सिलिंडरची, कार्ब्युरेटरवाली, पॉइंट आणि कंडेन्सर असलेल्या डिस्ट्रिब्युटरची. डिस्ट्रिब्युटर म्हणजे ठिणगी वेळेवर एकेका सिलिंडरला वाटणारा भाग, आणि पॉइंट म्हणजे त्यातला उघडमीट होणारा स्विच. आत एकही इलेक्ट्रॉनिक डबा नाही. तक्रार दुहेरी होती. चढावर इंजिन टकटक वाजतं, म्हणजे नॉकिंग. आणि चालता चालता गाडी मध्येच बंद पडते. कधी बंद पडते, याला मालकांचं उत्तर होतं, "कधीही."

आमच्याकडे येईपर्यंत ती बऱ्याच हातांखालून गेली होती. कॉईल (ठिणगीचं मोठं व्होल्टेज तयार करणारी) नवी, कंडेन्सर नवा, प्लग आणि प्लगच्या वायरी नव्या, पेट्रोल पंप नवा, कार्ब्युरेटर उघडून धुतलेला. शिवाय प्रत्येकाने जाता जाता डिस्ट्रिब्युटर थोडा थोडा फिरवलेला. क्लॅम्पजवळ बॉडीवर त्याचा पुरावा होता: स्क्रू ड्रायव्हरने ओरखडलेल्या आणि मार्करने ओढलेल्या खुणा, एकीला लागून दुसरी. बंद पडते म्हणून कुणीतरी टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, पुढे (लवकर) घेतलेलं, मग नॉकिंग सुरू झालं म्हणून दुसऱ्याने मागे, मग पिकअप गेला म्हणून तिसऱ्याने पुन्हा पुढे. टायमिंग बिघडलेलं होतं यात शंका नाही. पण ते बिघडवलेलं होतं, आणि ज्या दुखण्यासाठी बिघडवलं ते दुखणं जिथल्या तिथे होतं.

कधी नव्हे, कशी

"कधी"ला उत्तर मिळत नसेल तर "कशी" विचारावं. पेट्रोल कमी पडून बंद होणारं इंजिन आधी कुरकुरतं. पिकअप मरतो, झटके बसतात, पाय दाबला तर आणखी गुदमरतं आणि मग थांबतं. ठिणगी गेली तर किल्ली फिरवल्यासारखं एका क्षणात सगळं गप्प. मालकांचं वर्णन दुसऱ्या प्रकारचं होतं. त्यातून या गाडीतला आरपीएमचा काटा कॉईलच्या निगेटिव्ह टोकावरून सिग्नल घेतो. गाडी गिअरमध्ये धावत असताना चाकंच इंजिनाला फिरवत राहतात, त्यामुळे पेट्रोल संपलं तर काटा गाडीच्या वेगाबरोबर हळूहळू उतरतो. इथे गाडी अजून पळत असताना तो धपकन शून्यावर बसायचा. म्हणजे कार्ब्युरेटरचा संबंध नाही, आणि बिघाड कॉईलच्या हलक्या व्होल्टेजच्या बाजूला, प्रायमरी सर्किटमध्ये आहे, एवढा अंदाज बॉनेट न उघडता आला.

विचारपूस करताना आणखी काही निघालं. बंद पडल्यावर डॅशबोर्डवरचे दिवे लागलेले असतात आणि पेट्रोलचा काटा जागेवर असतो, म्हणजे इग्निशन स्विचवर संशय घ्यायला फारसा आधार नाही. गाडी पहिल्याच स्टार्टरला चालू होते. कॉईल किंवा कंडेन्सर तापून दगा देत असता तर तो निवेपर्यंत थांबावं लागलं असतं. पेट्रोलची वाफ लाइनीत अडकत असती तरी तेच. आणि भर चढावर, पाय पूर्ण दाबलेला असताना, ती एकदाही बंद पडलेली नव्हती.

हे शेवटचं मला सगळ्यात जास्त खटकलं. कॉईल, रोटर (डिस्ट्रिब्युटरमधला फिरता हात), कॅप (त्याचं झाकण) किंवा वायर यांपैकी काही कमजोर असेल तर ते चढावर उघडं पडतं. ॲक्सिलरेटर जितका जास्त दाबाल तितकं मिश्रण सिलिंडरमध्ये जास्त भरतं, दाब वाढतो आणि प्लगच्या फटीत ठिणगी उडवायला व्होल्टेजही जास्त लागतं. इथे नेमकं उलटं. सपाट रस्त्यावर, हलका पाय ठेवून, एका लयीत जाताना, जिथे इग्निशनवर सगळ्यात कमी ताण, तिथेच ती मान टाकायची. कधीकधी तर पाय उचलताच सायलेन्सरमधून फटाक्यासारखा बार उडायचा आणि इंजिन आपोआप पुन्हा धरायचं.

आधी टायमिंग मूळ जागी

अवचित येणारा बिघाड पकडायचा तर बाकीचं सगळं स्थिर हवं. नाहीतर कोणत्या गोष्टीमुळे काय झालं हे कळत नाही. म्हणून आधी टायमिंग हाती घेतलं, आणि सुरुवात पुलीवरच्या खुणेपासून केली. पुलीला मधे रबर असेल तर बाहेरची कडी कालांतराने सरकू शकते, आणि मग टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर लखलखून ती खूण दाखवणारा दिवा) इमानेइतबारे खोटं सांगतो. पहिल्या प्लगच्या भोकात पिस्टन अडवणारा स्टॉपर बसवून इंजिन हाताने दोन्ही दिशांना फिरवलं. दोन्हीकडे जिथे अडलं त्यांचा मध्य म्हणजे खरा टॉप डेड सेंटर, पिस्टन सगळ्यात वर असण्याची जागा. तो पुलीवरच्या खुणेशी जुळला.

या इंजिनाचं मॅन्युअल आयडलिंगला मिनिटाला ८०० फेरे, टायमिंग टॉपच्या आधी १० अंश आणि ड्वेल (पॉइंट मिटलेले राहतात तेवढा कोन) ५४ अंश सांगतं. दुसऱ्या गाडीचे आकडे वेगळे असतील, ते तिच्याच मॅन्युअलमधून घ्यावेत. लाइट लावला तेव्हा खूण २० वर दिसली. मात्र आयडलिंग ११०० वर चढवून ठेवलेलं होतं, आणि तेवढ्या फेऱ्यांना डिस्ट्रिब्युटरमधली वजनं (फेरे वाढतील तशी ठिणगी आणखी लवकर पाडणारी) उघडायला लागलेली असतात. आयडलिंग ८०० वर आणल्यावर खूण १६ वर उतरली. फेरे न बघता टायमिंग वाचलं तर त्यात वजनांचा ॲडव्हान्स मिसळून येतो, तो असा.

पॉइंट उघडून पाहिले तर एकावर बारीक टेकडी आणि समोरच्यावर तेवढाच खड्डा. असे पॉइंट फीलर गेजने लावता येत नाहीत. गेजची सपाट पट्टी टेकडीच्या टोकाला टेकते आणि फट जितकी आहे त्यापेक्षा कमी दाखवते. गेजच्या भरवशावर ०.४५ मिलिमीटर लावलेले पॉइंट त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून जास्त उघडत होते. पॉइंट जास्त उघडतात म्हणजे लवकर उघडतात आणि उशिरा मिटतात. ड्वेल मीटर ४७ दाखवत होता. चार सिलिंडरच्या गाडीत ड्वेल एक अंशाने घटला की टायमिंग साधारण एक अंशाने पुढे जातं, म्हणून पॉइंट आणि टायमिंग याच क्रमाने लावायचे असतात. आधी टायमिंग आणि मग पॉइंट, असं केलं तर पहिली मेहनत वाया.

नवे पॉइंट बसवून ड्वेल ५४ वर आणला. मग कार्ब्युरेटरकडून डिस्ट्रिब्युटरकडे येणारी व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद केलं आणि टायमिंग १० वर लावलं. पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरच्या वायरीवर आळीपाळीने क्लिप लावून पाहिलं. या दोघांची ठिणगी क्रँकच्या एकाच स्थितीला पडते, त्यामुळे खूण एकाच जागी दिसायला हवी. फरक दिसला असता तर शाफ्टचा बुश किंवा कॅम (पॉइंट उघडणारा उंचवटा) घासलाय असं समजलो असतो. फरक नगण्य होता.

गाडी रस्त्यावर काढली. नॉकिंग साफ गेलं होतं, पिकअप सुधारला होता. बंद पडणं मात्र तसूभरही कमी झालेलं नव्हतं. एका अर्थी हे बरंच झालं, कारण दोन तक्रारींची गाठ सुटली. टायमिंग १६ वर असो की १० वर, गाडी बंद पडायची ती पडतच होती.

रस्त्यावर लावलेला सापळा

गॅरेजमध्ये उभी असताना ही गाडी तासन्‌तास नीट चालायची. आयडलिंगवर ठेवून कॅप ठोका, वायरी हलवा, काही होत नव्हतं. म्हणून उपकरणंच गाडीत घेतली. टायमिंग लाइटची क्लिप कॉईलकडून कॅपकडे येणाऱ्या मधल्या वायरीवर लावली. काट्याचा मल्टिमीटर मोठ्या रेंजवर ठेवून एक टोक कॉईलच्या निगेटिव्हला आणि दुसरं बॉडीला जोडलं. वायरी पंख्यापासून आणि सायलेन्सरच्या पाइपापासून लांब बांधून केबिनमध्ये आणल्या. गाडी चालवणारा फक्त रस्त्याकडे बघणार, काटा आणि लाइट बघायला शेजारी दुसरा माणूस.

मल्टिमीटर का, ते सांगतो. चार्ल्स केटरिंग यांच्या नावाने ओळखली जाणारी ही इग्निशनची पद्धत विसाव्या शतकाच्या सुरुवातीची आहे आणि तिचं तत्त्व सोपं आहे. पॉइंट मिटलेले असतात तेव्हा बॅटरीचा करंट कॉईलमधून, पॉइंटमधून बॉडीत जातो. पॉइंट उघडले की तो तुटतो, कॉईलमधलं चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि दुसऱ्या गुंडाळीत हजारो व्होल्ट उभे राहतात. ३००० फेऱ्यांना चार सिलिंडरमध्ये हे सेकंदाला १०० वेळा होतं. निगेटिव्ह टोकावर पॉइंट मिटलेले असताना जवळपास शून्य व्होल्ट, उघडे असताना बॅटरीइतके. काट्याचा मीटर या दोन्हींची सरासरी दाखवतो, आमच्या गाडीत ५ ते ६ व्होल्टच्या आसपास थरथरत.

आता ठिणगी गेली आणि काटा शून्यावर आला, तर कॉईलला येणारा पुरवठा तुटलाय किंवा निगेटिव्ह बाजू कुठेतरी बॉडीला चिकटलीय. काटा उलट वर जाऊन बॅटरीइतक्या व्होल्टवर थांबला, तर पुरवठा ठीक, कॉईलची गुंडाळी ठीक, पण करंटला बॉडीत जायला वाट नाही. आणि काटा ५-६ वरच थरथरत राहिला तर प्रायमरी आपलं काम करतेय, दोष हाय टेन्शनच्या, म्हणजे मोठ्या व्होल्टेजच्या, बाजूला. एका काट्यात तिन्ही उत्तरं.

सपाट रस्ता, टॉप गिअर, हलका पाय. लाइटची लखलख थांबली. गाडी गिअरमध्येच होती, इंजिन चाकांच्या जोरावर फिरत होतं, आणि काटा सरळ १३ व्होल्टच्या वर जाऊन बसला. चालवणाऱ्याने पाय उचलला. काटा परत थरथरू लागला, लाइट लखलखला आणि मागे बार उडाला.

पेट्रोल, स्विच, कॉईल, रोटर, कॅप, प्लग हे सगळे एका दमात सुटले. कंडेन्सरही सुटला, कारण तो आतून चिकटला असता तर काटा शून्यावर आला असता. बाराचाही उलगडा झाला. ठिणगी नसताना न जळलेलं मिश्रण सायलेन्सरमध्ये साठत होतं आणि ठिणगी परतली की तिथे पेटत होतं. उरला तो एवढाच तुकडा: कॉईलच्या निगेटिव्हपासून पॉइंटपर्यंत आणि पॉइंटपासून बॉडीपर्यंत.

पाय उचलल्यावर काय हलतं

हा तुकडा जेमतेम हातभर. तो हलक्या पायाला तुटतो आणि पाय उचलला की जुळतो, तर पायाबरोबर तिथे काहीतरी हलत असणार. डिस्ट्रिब्युटरच्या आत पायाबरोबर हलणारी एकच वस्तू आहे: पॉइंट ज्यावर बसतात ती प्लेट. व्हॅक्यूमचा पडदा तिला शाफ्टच्या उलट दिशेला ओढतो, म्हणजे पॉइंट लवकर उघडतात आणि हलक्या लोडला टायमिंग पुढे जातं.

या कार्ब्युरेटरमध्ये व्हॅक्यूमचं भोक थ्रॉटलच्या पाकळीच्या (पायाने उघडणाऱ्या झडपेच्या) किंचित वर आहे. आयडलिंगला पाकळी मिटलेली असल्याने तिथे व्हॅक्यूम पोचत नाही, प्लेट जागेवर. हलका पाय दिला की पाकळी भोकाला ओलांडते, भरपूर व्हॅक्यूम मिळतो आणि प्लेट ओढली जाते. पाय पूर्ण दाबला की व्हॅक्यूमच उरत नाही आणि प्लेट परत मागे. मालकांच्या "कधीही"चं वेळापत्रक हे असं निघालं. चढावर बंद का पडत नाही, गॅरेजमध्ये का चालते, बंद पडल्यावर लगेच चालू का होते, तिन्हींना एकच उत्तर: त्या वेळी प्लेट आपल्या मूळ जागी असते.

यातली गंमत अशी की टायमिंग तपासताना व्हॅक्यूमची नळी काढून बंद करायची असते. मॅन्युअल तेच सांगतं आणि ते बरोबरच आहे. पण त्यामुळे टायमिंगची तपासणी प्लेट स्थिर असतानाच होते. आधीच्या प्रत्येकाने नळी काढली, टायमिंग लावलं, इंजिन छान चालताना पाहिलं, नळी जोडली आणि गाडी देऊन टाकली. बिघाड झाकून ठेवणारी कृती आणि शिस्तीची कृती एकच होती. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही.

खातरजमा करायला हाताचा व्हॅक्यूम पंप लावला. आयडलिंगला हळूहळू ओढत गेलो तशी लाइटखालची खूण पुढे सरकत गेली, आणि गेजवर पाऱ्याचे १५० मिलिमीटर ओलांडताच इंजिन गपकन बंद. पंप सोडला, स्टार्टर मारला, चालू. पुन्हा ओढलं, पुन्हा तिथेच बंद. "कधीही" बंद पडणारी गाडी आता सांगू तेव्हा बंद पडत होती. पंप नसेल तर नळीला तोंड लावून ओढलं तरी प्लेट हलते, फक्त नळीत पेट्रोल नाही ना ते आधी बघावं.

आत तांबं नव्हतं

कॅप काढली. ओहममीटरचं एक टोक डिस्ट्रिब्युटरच्या बाहेरच्या टर्मिनलला, दुसरं पॉइंटच्या हलत्या पट्टीला. पॉइंटांमध्ये कागद घालून ठेवला, म्हणजे ते मिटल्याने गोंधळ नको. प्लेट बोटाने हळू फिरवली. मीटर जवळपास शून्य दाखवत होता, निम्म्याच्या पुढे गेल्यावर एकदम अनंत.

टर्मिनलपासून पॉइंटपर्यंत जाणारी ती वायर बोटभर लांबीची. वरून पाहता तिच्यात काही खोट नव्हती, आवरण अखंड, दोन्ही लग (टोकांच्या धातूच्या पट्ट्या) घट्ट. चिमट्याने ती थोडी थोडी वाकवत गेलो. सगळीकडे ती वायरीसारखी गोलाईत वळत होती. टर्मिनलच्या लगपासून नखभर अंतरावर मात्र सुतळीसारखी दुमडली, काही विरोधच नाही. आवरण चिरलं तर आत तांब्याच्या तारा तुटून त्यांची टोकं काळी पडलेली. प्लेट जागेवर असताना ती टोकं एकमेकांना टेकत होती, प्लेट ओढली गेली की दूर होत होती.

ही वायर पॉइंटच्या सेटबरोबर येत नाही, ती डिस्ट्रिब्युटरची असते. म्हणून पॉइंट कितीही वेळा बदलले तरी ती तीच राहते. या गाडीत ती मूळचीही नव्हती. कुणीतरी घरातल्या वायरिंगसारख्या जाड तारांची वायर घातली होती, आणि तीही आखूड. इथे केसासारख्या बारीक तारांची, पुष्कळ लवचीक वायर लागते, कारण पाय हलेल तसतशी ती वाकत आणि ताणत असते. वर लगला डाग दिलेला (सोल्डर केलेला) होता. डागाचं कथील वायरीत आत शिरून तिला काही अंतरापर्यंत सळईसारखं ताठ करतं, आणि जिथे ते संपतं तिथेच सगळं वाकणं गोळा होतं. तुटली होती ती बरोब्बर तिथे.

नव्या वायरीला लग दाबून बसवले, डाग दिला नाही. लांबी इतकी ठेवली की प्लेट पूर्ण ओढली गेली तरी वायर सैल राहील, पण कॅमला किंवा रोटरला लागणार नाही. प्लेटपासून बॉडीपर्यंत अर्थची एक छोटी वेणी असते, तिचीही तशीच वाकवून परीक्षा घेतली. ती चांगली होती, पण हेच दुखणं तिलाही होऊ शकतं आणि लक्षणंही हुबेहूब अशीच दिसतात.

हात तिथे होताच म्हणून प्लेटची ढिलाई तपासली. इंजिन चालू ठेवून पंपाने व्हॅक्यूम देत ड्वेल पाहिला तर ५४ वरून ४९ वर घसरत होता. प्लेटला फक्त फिरायला हवं, ती फिरताना कलतही होती, आणि कलली की पॉइंटची फट बदलते. म्हणजे रस्त्यावरचं टायमिंग आम्ही लावलेल्या टायमिंगपेक्षा वेगळं. यामुळे गाडी बंद पडत नव्हती, पण आयडलिंगमध्ये आणि पिकअपमध्ये येणारी बारीक थरथर यातून येत असावी. प्लेट बदलली. आता फरक एक-दोन अंशांचा.

शेवटी पूर्ण ॲडव्हान्स पाहिला. नळी बंद ठेवून ३००० फेऱ्यांना खूण २८ च्या आसपास, फेरे उतरवले की परत १० वर. वजनांच्या दोन स्प्रिंगांपैकी एक सैल दिसली म्हणून ती बदलायचा मोह अनेकांना होतो. बऱ्याच डिस्ट्रिब्युटरमध्ये ती मुद्दाम तशी ठेवलेली असते, म्हणजे सुरुवातीला हलकी स्प्रिंग एकटी काम करते आणि जाड स्प्रिंग वरच्या फेऱ्यांना सामील होते. खूण जर हळूहळू चढते आणि नीट परत येते, तर स्प्रिंगांना हात लावू नये.

पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक मोड्यूल का नाही टाकलं, असं मालकांनी विचारलं. टाकता आलं असतं, आणि जुनी वायर त्याबरोबर निघून गेल्याने गाडी कदाचित बरीही झाली असती. मात्र कॅपखाली बसणारी बरीच मोड्यूलं त्याच हलत्या प्लेटवर बसतात आणि त्यांच्या वायरीही तशाच वाकतात. प्लेट कलती आणि वायर आखूड बांधलेली राहिली असती तर हेच प्रकरण नव्या नावाने परत आलं असतं. मालकांना पॉइंटच ठेवायचे होते, ठेवले.

नवे पॉइंट बसवताना कॅमवर ग्रीसचा पुसट हात दिला होता, तरी पॉइंटची फायबरची टाच सुरुवातीला थोडी झिजतेच. टाच झिजली की फट कमी होते, ड्वेल वाढतो आणि टायमिंग मागे पडतं. काही शे किलोमीटरनंतर गाडी परत बोलावली तेव्हा ड्वेल ५६ आणि टायमिंग ८ झालेलं होतं. पॉइंट ५४ वर आणले तसं टायमिंग डिस्ट्रिब्युटर न फिरवताच १० वर आलं. क्लॅम्पजवळच्या सगळ्या जुन्या खुणा पुसून तिथे एकच नवी ओढली.